उसने नऊ खडे

एकतीस वर्षं मी लोकांच्या जमिनी मोजल्या.
साखळी, निशाण, टेबल, शेवटी शेवटी ते यंत्र.
मग निवृत्त झालो, आणि नारायण पेठेत
गिरणीच्या वरच्या खोलीत
अकरा वर्षांच्या हुमैरा तांबोळीकडे
दर रविवारी जमीन हरायला लागलो.

पहिला खडा मी घरात ठेवला.
"घरात नाही काका, फुलीवर.
रेघ रेघेला कापते ना, तिथं."
हे तरी मला कळायला हवं होतं.
हद्दीची खूण कोणी वावराच्या मधोमध पुरतं का?

उकिडवे सरांचा पट प्लायवूडचा, रेघा बॉलपेनच्या.
काळे खडे सात कमी,
त्यांच्या जागी बोहरी आळीतली कोटाची बटणं.
खाली दळण सुरू झालं की पट बारीक थरथरतो,
पीठ दोघांच्याही खड्यांवर बसतं,
पांढऱ्यांवर दिसत नाही.
मी कायम काळा.

छोट्या पटावर एकदा माझा एक खडा अडकला.
मी पळवला. तिनं अडवलं. मी वळलो.
पुन्हा अडवलं, पुन्हा वळलो,
पायरी पायरीनं,
आणि प्रत्येक पायरीला वाटत होतं, सुटलो.
पटाची कड आली.
सरांनी पेपर खाली न करता हिशेब सांगितला:
"एक गेला होता. तुम्ही अकरा घालवलेत."

डोळा म्हणजे आपल्याच आत
आपण सोडलेली रिकामी जागा.
असे दोन असले की गट मरत नाही.
हे पाठ होतं.
तरी मी माझाच डोळा बुजवला,
साईड मार्जिनवर खोली चढवणाऱ्या बिल्डरसारखा,
जरा भक्कम वाटावं म्हणून.

मोठ्या पटावर आलो तेव्हा नऊ खडे उसने मिळाले,
डाव सुरू व्हायच्या आधीच मांडलेले.
एवढं आंदण घेऊन साठ घरांनी हरलो.
जुन्या मोजणीवहीची कोरी पानं होती,
त्यात लिहायला लागलो: तारीख, फरक, कारण.
साठ. बावन्न. एकाहत्तर.
पंचेचाळीस. पुन्हा साठ.
कारणाच्या रकान्यात बहुतेक वेळा एकच:
कुंपण लवकर घातलं.

मारुंजीला दोन भाऊ होते, गवारे.
दीड हात बांधासाठी चार वेळा मोजणी मागवली.
मी चारही वेळा गेलो, चहा दोन्ही घरी घेतला.
पाचव्या वेळी रस्त्याची आखणी घेऊन गेलो,
लाल रेघ दोघांच्याही विहिरीवरून.
नकाशा पाहून थोरला म्हणाला,
"ते असू द्या साहेब,
बांध कुणाकडं धरलाय?"
तेव्हा मी हसलो होतो.
गाडीत बसून, पण हसलो होतो.

परवा हुमैरानं माझ्या तीन खड्यांचा
शेवटचा श्वास धरला.
हात सवयीनं निघाला सोडवायला.
पटावर पोचायच्या आत
मला गवारेंचा बांध दिसला.
हात वळवला, आणि लांब,
तिकडच्या बाजूला, जिथं अजून कुणाचंच काही नव्हतं,
तिथं एक बटण ठेवलं. टक्.

तिचा हात वाटीत होता.
वाटीतला खड्यांचा आवाज थांबला.
इतक्या रविवारांत पहिल्यांदा थांबला.
सरांनी पेपर खाली केला, पटाकडे पाहिलं,
मग माझ्याकडे, आणि पुन्हा पेपर वर.
गिरणी बंद होती की मला ऐकू येत नव्हती,
सांगता येणार नाही.

मग तिनं ते तीन उचललेच.
मी हरलो. चार घरांनी.
मोजताना मी दोनदा मोजलं, खात्याची सवय.
चारच.
"पुढच्या वेळी काकांना आठच द्यायचे,"
तिनं परस्पर जाहीर केलं.
इथली बढती अशी असते,
दिलेल्यातलं एक काढून घेतात.

घरी पोचलो. सुलभानं दार उघडता उघडता विचारलं,
"काय, आज तरी?"
म्हटलं, "तीन बटणं गेली."
ती माझ्या शर्टाकडे बघत राहिली.