वजा बाजू

नोएल सातपुतेनं पेडल आणलं भाजीच्या पिशवीतून.
वडिलांचं. पत्र्याची डबी, हिरवा रंग,
बूट पडायचा तिथं अंगठ्याएवढा पत्रा उघडा.
"लावलं की नुसतं गुरगुरतंय, आपा.
कपॅसिटर गेल्यात. सगळंच बदलून टाका."

शाहूपुरीत आता असलं काही कोणी उघडत नाही.
समोर मोबाईलच्या काचा बदलणारे चौघे,
मागच्या बोळात मोटार वाइंडिंग.
अब्बांच्या पाटीवरचा 'रेडिओ' तेवढा मी पुसलेला नाही.

चार स्क्रू. एक गंजलेला, त्याला थेंबभर रॉकेल.
आत दोन ट्रान्झिस्टर, पत्र्याच्या टोप्या घालून बसलेले.
एका कपॅसिटरचं बूड फुगलेलं,
दुसऱ्याच्या पायाशी चीक,
काकवीसारखा वाळलेला.
मीटर लावला. बावीसच्या जागी नऊ.

तिसरा मात्र निळा,
अब्बा पुण्याहून पुडीत बांधून आणायचे त्यातला.
त्याचा डाग बघितला आणि हात थांबला.
जाड, ओघळलेलं कथील,
शेजारी करपलेली पट्टी.
हे काम माझं. वय पंधरा.

अब्बा मिरजेला गेले होते.
पत्रसकाका दारात, सायकल गटारीवर तशीच आडवी:
"रात्री गडहिंग्लजला प्रोग्राम हाय, पोरी. कसंबी कर."
मी केलं.
वजाची पांढरी रेघ मला तेव्हा नक्षी वाटली होती.

उलटा.
सदतीस वर्षं उलटा,
थेंबाथेंबानं करंट गळू देत,
ट्रान्झिस्टरला कधी धड उभं न राहू देता.
म्हणजे काकांचा सूर संपता संपता
मांजरपाट टरकावल्यासारखा फाटायचा,
आणि गणपतीत मांडवातली पोरं ओरडायची,
"काका, परत फाडा!"
तो यामुळं.

मी काही बोलले नाही.
तिन्ही काढले. नवे घातले,
रेघ बघून, चष्मा पुसून परत बघून.
नोएलनं गिटार लावली.
सूर आला. भरदार, लांब, शेवटपर्यंत अखंड.
"छान आहे," म्हणाला.
पुन्हा वाजवलं. "छानच आहे."
आणि पेडलकडे बघत राहिला,
ओळखीच्या खोलीत दुसरंच बिऱ्हाड दिसावं तसा.

"बस जरा."
पोराला चहा सांगायला पाठवलं,
सोल्डरिंग आयर्न पुन्हा तापत ठेवलं.
निळा कचऱ्यातून उचलला, चिमट्यात धरला.
त्याच्यात किती दम उरलाय ते मोजलं नाही.
प्लसला वजा, वजाला प्लस,
या वेळी कळून.
डाग मात्र बारीक दिला, चकचकीत,
अब्बांनीही नखानं टोकरून सोडून दिला असता.

बिलावर लिहिलं: कपॅसिटर, नग दोन.
तिसऱ्यापुढं काय लिहावं, पेन तिथंच थांबलं.
तोवर चहा आला.
नोएल डोळे मिटून एकच तार छेडत होता,
विझेपर्यंत ऐकायचा,
परत छेडायचा.