हातासरशी

एल आल्तोच्या त्या गॅरेजात सकाळी पाणी दगड झालेलं असतं,
बादलीवर पाना आपटून फोडावं लागतं.
जुनं इंजिन टायरांवर उतरवलेलं,
दुसरं साखळीला लोंबतंय,
चिलीच्या बंदरातून आलेलं, कुणाच्या तरी अपघातातून वाचलेलं.
मधे आमचा ट्रक, बॉनेट उघडं,
कवळी काढलेल्या माणसासारखा ओशाळा.

बाबा म्हणाले, क्लच राहू दे. अजून एक हंगाम जाईल.
फुल्हेन्सियो तिकोना म्हणाला,
गिअरबॉक्स मागे सरकवलाच आहे, निकानोर,
हातासरशी करून टाक.
पुन्हा हेच उघडायला येशील तेव्हा
मजुरी मी घेईन, शिव्या तू खाशील घरी.

बाबांनी पैसे मोजले. पुन्हा मोजले.
मोजल्याने वाढतात असं आमच्यात कधी झालं नाही.
संत्र्यांच्या दोन खेपा, मग होकार.

बोल्ट सुटले. प्लेट त्याच्या तळहातावर आली,
रिव्हेटांची डोकी घासून चकचकीत,
आणि फ्लायव्हीलवर निळे डाग,
रिकाम्या तापलेल्या तव्यावर उठतात तसे.
वास अजून होता. जळक्या केसांचा. चढाचा.

त्याने प्लेट उजेडाकडे धरली, कड चाचपली.
"ही ओझ्याने नाही गेली.
पाय अर्धवट ठेवलाय कुणीतरी,
दाबलाही नाही, उचललाही नाही.
घाबरलेला पाय आहे हा. कुणाचा?"

टॉर्च माझ्या हातात होता.
उजेड हलला असेल तर थंडीने.

युंगासचा रस्ता, गुडघाभर पुढचं दिसेना असं धुकं.
बाबा तापाने फणफणलेले, बाजूच्या सीटवर पोंचोत गुंडाळून.
पाठीशी सात टन संत्री,
एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला काहीच नाही.
आणि मी सतरा वर्षांची, दर वळणावर
ट्रक क्लचवर तोलून धरलेला,
झोपलेलं मूल खाली ठेववत नाही
आणि घेऊन उभंही राहवत नाही, तसा.
वर पोचलो तेव्हा बाबा जागे होते का, मी विचारलं नाही.
त्यांनी खिडकीची काच खाली केली होती.
एवढंच.

आता ते आपल्या डाव्या बुटाकडे बघत होते.
"माझाच," म्हणाले. "गुडघा धरतो हल्ली."

तिकोनाने कोका एका गालातून दुसऱ्या गालात नेला.

क्रँकच्या टोकातलं छोटं बेअरिंग काही निघेना.
खेचायचं हत्यार गल्लीतल्या दुसऱ्याकडे, आणि तो मेव्हणीच्या लग्नाला.
तिकोनाने माझ्या डब्यातला पाव मागितला,
बादलीत भिजवला, भोकात ठासला,
वर गज, गजावर हातोडा.
पुन्हा पाव. पुन्हा हातोडा.
पावाला पळायला जागा उरली नाही तेव्हा
बेअरिंगच बाहेर आलं, लगद्याने माखलेलं,
नुकतं जन्मल्यासारखं.
उरलेला पाव त्याने त्याच बोटांनी खाल्ला.

नवी प्लेट मी धरली, मधोमध लाकडी दांडा.
समोरासमोरचे बोल्ट, थोडे थोडे आवळायचे,
एकाचे लाड केले की दुसरा रुसतो.
रिलीज बेअरिंग त्याने स्वतःच्या कानाशी फिरवलं, मग माझ्या.
मला काहीच ऐकू आलं नाही.
"तेच ऐकायचं," म्हणाला.

तिसऱ्या प्रयत्नात शाफ्ट बसला, दातात दात,
बाबांच्या खांद्याच्या एका धक्क्याने.
संध्याकाळी दारूचा पहिला घोट मातीला,
दुसरा इंजिनाला,
आणि तिकोना कुणाकडेच न बघता म्हणाला,
"दाबायचा तर तळापर्यंत. सोडायचा तर सोडून द्यायचा."

बाबा पलीकडच्या दाराने चढले.
बसले, काच वर केली.

मी दाबला. सोडला.
ट्रक निघाला,
आणि मोकळा झालेला डावा पाय
कुठे ठेवावा कळेना,
म्हणून नुसताच खाली टेकवला, पत्र्यावर.
पत्रा गार होता.