आठवी ‘ब’ची शांतता

पुन्ता अरेनासच्या खाली नकाशात फारसं काही उरत नाही.
थोडी बेटं, मग बर्फ.
इथून सगळं जग उत्तरेलाच,
तरी नेल्दा मान्सियाच्या इंग्रजीच्या तासाला
उत्तर म्हणून कुठून येत नव्हतं.

वहीत तिनं प्रश्न लिहिला, संशोधनाचा म्हणून:
मुलं बोलत का नाहीत?
खाली दोन रेघा मारल्या.
मग मार्करच्या डब्यात फोन उभा केला,
डब्याला रुमाल गुंडाळला
आणि विसरून गेल्यासारखं शिकवलं.

डॉन एवारिस्तो म्हणाले, तीस वर्षं झाली मला,
माझाच वर्ग मी चोरून कशाला ऐकू?
संशोधन म्हणजे सान्तियागोचे लोक येतात,
फॉर्म भरून घेतात, थंडी फार म्हणतात, जातात.
त्यांचंही खोटं नव्हतं.

रात्री शेगडीशी पाय घेऊन ती ऐकत बसली,
थांबवत, मागे नेत, शब्दन् शब्द उतरवत.
एका तासाला चार रात्री लागल्या.
पंचेचाळीसातली चौतीस मिनिटं तिचाच आवाज:
विचारणारा, लगेच सांगून टाकणारा,
‘बरोब्बर’ म्हणून स्वतःचीच पाठ थोपटणारा.
प्रश्न आणि पुढचं वाक्य यांच्यामधली जागा तिनं मोजली.
पापणी लवायला लागते
तेवढीसुद्धा नाही.
स्वतःच्या आवाजाची इतकी लाज
तिला लग्नाच्या व्हिडिओतही वाटली नव्हती.

तिसऱ्या रात्री,
खिडकीवर आपटणाऱ्या वाऱ्याच्या मागे
काहीतरी पुटपुटलेलं.
मागे नेलं. पुन्हा नेलं. हेडफोन कानांवर दाबून धरला.
शेवटच्या बाकावरचा ब्राउलियो बार्रिया,
ज्याच्या नावापुढे ती मार्चपासून शून्य मांडत आली होती.
तो उत्तर देत होता.
बरोबर देत होता.
आणि त्याच्यावरून चालत गेलेला तिचा आवाज:
‘कोणालाच येत नाही? असू दे, मी सांगते.’

दुसऱ्या दिवशी वारा असा, की
चौकात दोर बांधले होते, माणसांनी धरून चालायला.
दोर धरधरून ती शाळेत पोचली.
प्रश्न विचारला आणि जीभ दातांखाली घेतली.
एक. दोन.
यास्ना खिदळली.
तीन. कुणीतरी म्हणालं, मिस, बरं नाही का तुम्हाला?
चार.
वर्गात दोर नसतो. तिनं टेबलाची कड धरली.
पाच, सहा, सा–
‘माय फादर गो टु द सी,’
ब्राउलियो म्हणाला, बाकाला सांगितल्यासारखं.

गो नव्हे, वेन्ट; कालचं विचारलंय.
अगदी ओठांवर आलं होतं.
पण खेकड्यांचा हंगाम. त्याचा बाप
काल गेला, आज गेलाय, उद्याही जाणार,
याला कोणता काळ लावायचा, तिलाच ठरवता येईना.
‘कशासाठी?’ तिनं विचारलं,
आणि परत मोजायला लागली.

अहवाल तीन पानांचा झाला.
पहिल्या पानावरचा प्रश्न खोडला नाही,
त्यातल्या ‘बोलत’वर फक्त एक बारीक वर्तुळ काढलं.
निष्कर्षाच्या जागी पेन इतका वेळ टेकवून ठेवलं
की शाईचा ठिपका फुगत गेला.

शुक्रवारी, डबे उघडता उघडता,
दुसरीकडेच बघत डॉन एवारिस्तोंनी विचारलं:
तो फोन डब्यात कसा ठेवतेस तू,
उभा की आडवा?