कोर

पस्तीस मिनिटं पाण्याखाली,
आणि वर आल्यावर जबडा कानापर्यंत ठणकतो.
मायनं केलेला लाखोळीचा वडा
तसाच ताटात.

उईके सर म्हणाले,
ती रबरी पकड गरम पाण्यात बुडव,
तुझ्या दातांची खूण उमटू दे तिच्यात.
नळी उजवीकडे ओढते, ती जरा लांब घे.
आणि चावू नकोस गं, वलथरे,
ओठ मिटलेस की पुरे.

सगळं केलं.
पण धरणाच्या तिसऱ्या दाराशी, गढूळात,
जिथं आपलाच हात आपल्याला दिसत नाही,
तिथं दात कुणाचं ऐकतात?

बा पडवीत फेकजाळं सांधत होता.
वर न पाहता बोलला,
"जाळ्याची कोर दातानंच धरा लागते.
पण दाबली का, जाळ्यासंगं दातही जाते पाण्यात."
मग हसला.
समोरची ती खिडकी.
लहानपणी सांगायचा, मरळीनं नेला म्हणून.

दुसऱ्या दिवशी
जाळीत अडकलेला ओंडका चाचपताना
काहीतरी मऊ खांद्याला घासून गेलं.
जबडा आवळला.
जीभ पुढच्या दातांवर फिरवली,
एक, दोन, सगळे जागेवर.
हळूच सैल सोडले.
हवा येतच राहिली.
बुडबुडे कानाशी गुदगुल्या करत वर गेले.

संध्याकाळी फुटाणे खाल्ले.
डाव्या दाढेनं,
पण खाल्ले.