रात्रीतून वाळतील असे

परभणीला स्टेशन रोडवर मुजीबभाईंचं दुकान.
म्हटलं, मोजे दाखवा.
रात्री धुतले की पहाटे पाचच्या आत वाळले पाहिजेत.
त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला:
"पंख्याखाली, का पंख्याविना?"

इतका नेमका प्रश्न
मला नोकरीच्या मुलाखतीतही कुणी विचारला नव्हता.

मी लसींचे फ्रीज दुरुस्त करते.
सेलू, सोनपेठ, पालम, पूर्णा,
आरोग्य केंद्र आहे तिथं
आणि नुसती पाटी आहे तिथंही.
आत दोन ते आठ अंश.
नऊ चालत नाही, एक तर नाहीच नाही.
बाहेर मे महिना त्रेचाळीसवर मांडी घालून बसलेला
आणि बुटात किती, ते मोजायचं यंत्र
खात्याकडे नाही.

लॉजवर एक बादली मिळते.
तीत मी, माझे केस, कालचा कुर्ता,
उरलंसुरलं मोज्यांना.
म्हणून विचारते, भाई,
पाणी किती पितो हा?

"सूती नक्को, ताई.
सूत म्हणजे दूरचा पाहुणा,
पाणी दिलं की बसूनच राहतो."
मग नायलॉनचा काढला आणि लगेच ठेवून दिला.
"हा वाळतो पटकन. पण वासानं
खोली तुम्हालाच सोडावी लागंल."
ते हसले नाहीत. मीच हसले.

मग एक राखाडी जोडी.
थोडी लोकर, बाकी काय काय.
लोकर? मे महिन्यात? परभणीत?
उत्तर न देता त्यांनी पेल्यातलं पाणी मोज्यावर ओतलं,
मुठीत पिळला,
पंचात गुंडाळला, त्यावर चक्क उभे राहिले
आणि मग माझ्या हातात दिला.
ओला नव्हता. दमट होता.
या दोन शब्दांच्या मधे
माझी अख्खी रात्र असते.

मी उलटा करून शिवण बघितली.
बोटांवर चपटी हवी,
नाहीतर दुपारपर्यंत करंगळीला
सगळा तालुका टोचतो.
रबर ताणून बघितलं.
टाच कुठं संपते ते बघितलं.
किंमत बघितली आणि गप्प झाले.
एवढ्यात रस्त्यावर सहा जोड येतात, म्हणाले.
"हाव, येतात की," मुजीबभाई म्हणाले,
"आन् सहाच्या सहा ओले ऱ्हातात."

दोन घेतले.
एक पायात, एक दोरीवर.
तिसरा म्हणजे संसार.

त्या रात्री पालमला
खिडकीच्या गजाला टांगले, टाचा वर करून.
नऊला वीज गेली.
पंख्याविना, मुजीबभाई.

सव्वातीनला फोन. गुट्टे सिस्टर.
"मॅडम, लाईट आली पण फ्रीज येईना.
काटा सातवर हाय."
दुसरा जोड कालच्या दिवसासकट पिशवीत.
गजावरचा चाचपला. दमट.
तसाच चढवला.
अंधारात, बंद हॉटेलांवरून,
झोपलेल्या ट्रॅक्टरांच्या बाजूनं चालत गेले
आणि पाय गार होते.
मे महिन्यात, पालममध्ये, माझे पाय
गार.

लसीच्या खोलीत बूट चालत नाहीत.
दाराशी काढले.
स्टॅबिलायझरचा फ्यूज होता, बाकी काही नाही.
फ्रीज घुरघुरला, सिस्टरनी देवाचं नाव घेतलं,
मी जमिनीवरच बसून राहिले.
सात. बराच वेळ सातच.
मग साडेसहा. सिस्टरनी चहा आणला, बशीत ओतून दिला.
सहा.

तेव्हा मागं वळून पाहिलं.
दारापासून फरशीवर माझी पावलं उमटलेली,
उंबऱ्याशी ठळक, टेबलाजवळ पुसट,
फ्रीजपाशी नुसत्या टाचा.
बघता बघता त्याही गेल्या.

पाचवर आला काटा.
मी उठले, दारापर्यंत चालत गेले, मुद्दाम सावकाश,
आणि फरशी बघितली.
काही नव्हतं.

"काय सांडलं का, मॅडम?" सिस्टरनी विचारलं.
नाही, म्हटलं.
वाळले.