उलट्या बाजूचा गुलाब

बाबांनी गुलाब कधी बोटांत धरला नव्हता.
साखर पेठेतल्या आमच्या खोलीत फुलं यायची ती
गणपतीला जास्वंद, शुक्रवारी आईच्या वेणीत अबोली.
गुलाब होता पावडरच्या डब्यावर,
पत्र्यात छापलेला,
डाव्या पाकळीला गंज.

तो डबा पुढ्यात ठेवून
अंबय्या येमूल, डिझाइन मास्तर,
ग्राफच्या चौकोनांत लाल पेन्सिल भरत जायचे
आणि मोजायचे घरच्या भाषेत
ओकटी, रेंडू, मूडू.
भरलेला चौकोन म्हणजे धागा वर,
रिकामा म्हणजे खाली.
गोलाई कुठेच नव्हती.
सगळा गुलाब जिन्यासारखा, पायरी पायरी पाकळी.
‘लांबनं बघ,’ म्हणायचे, ‘मग वळतंय.’
मी दारापर्यंत मागे जायची,
उंबऱ्यावर आई विड्या वळत बसलेली,
तिच्या सुपाला पाय लागला की शिवी,
आणि तेवढ्यात तो वळलेला असायचा.

काटे नाहीत काढले.
काट्यांना बारा पत्ते जास्त लागतात,
आणि शेठ पत्त्यांचे पैसे धरतो.

मग रज्जाकचाचा पुठ्ठ्यांना भोकं पाडायचे.
ठक. ठक.
पाकळ्या जमिनीवर पडायच्या, खाकी, टिकलीएवढ्या,
मी त्या मुठीनं उधळायची.
पत्ते ओवून जाकार्डवर चढले
की खटखटाटात खालून
एक एक ओळ करत फूल वर यायचं,
आधी देठ.

पुढे कॉलेजात एक बाई पडदा लावून
चित्रं दाखवायच्या.
तलवार कमरेला, फूल नाकाशी, असे बादशहा.
(वास घेताना सगळे एकाच बाजूला बघतात,
हे मी वहीत लिहिलं.)
मग दूरदेशीची एक आई, मांडीवर मूल,
पाठीमागं गुलाबांचं कुंपण.
बाई म्हणाल्या, हिला बिनकाट्यांचा गुलाब म्हणायचे,
पापाचा स्पर्श नव्हता म्हणून.
अंधारात मी एकटीच हसले.
बारा पत्ते.

आणि म्हणाल्या, गुल म्हणजे फूल, आब म्हणजे पाणी.
मुळात नाव त्या अर्काचं होतं,
आपण ते झाडालाच दिलं.
घरी येऊन बाबांना सांगितलं.
त्या दिवशी नळाला पाचवा दिवस होता,
सगळी पेठ घागरी लावून बसलेली.
बाबा घागरींकडे बघून म्हणाले,
‘तेलुगूत त्याला नुसतं गुलाबीच म्हणतात.
पाणी आपल्यापर्यंत आलंच नाही बघ.’

ते गेले तेव्हा रज्जाकचाचांनी
दर्ग्याजवळून ओंजळभर खरे गुलाब आणले.
बाबांच्या छातीवर ठेवले.
मला ते फार मऊ वाटले,
मोजता न येण्यासारखे.

परवा भुसावळला, लॉजवर,
पोऱ्यानं चादर टाकली. हिरव्यावर लाल.
दिवा मालवायला उठले आणि लांबनं तो वळला.
मी जवळ गेले. गुडघ्यांवर बसून बोट लावलं.
डावी पाकळी कुरतडलेली.
सात चौकोन रिकामे.

गंज.
बाबांनी गंजही उतरवून घेतला होता.
तो फुलाचाच भाग आहे
असं समजून, की न विचारता,
की मूळ कसं असेल हे आपण कोण ठरवणार म्हणून,
कुणास ठाऊक.
त्या पाकळीखाली किती लोक झोपले असतील,
पाहुणे, बाळंतिणी, फलाटावरचे,
कुणाच्या नजरेत आलं असेल का?

पोऱ्यानं विचारलं, ‘मॅडम, बदलून देऊ?’
नको म्हटलं.
मी ती उलटी करून पांघरली.
त्या बाजूला लालावर हिरवा गुलाब असतो,
जो कुठल्या डब्यावर नव्हता,
ज्याचं चित्र कुणी काढलं नाही,
इकडचं विणताना आपोआप होत गेलेला.
पाकळी तिथंही अपुरी.
रात्रभर नाकाशी कांजीचा वास.