गावाचं कपाळ

महाप्याला तिसऱ्या मजल्यावर, एसीच्या बरोबर खाली
माझी खुर्ची.
आठ महिने मी लिंगा जिल्हा काढते आहे.
काढते म्हणजे माऊसने, बिंदू बिंदू टोचत,
उपग्रहाच्या फोटोवर, ढग चुकवत.
सिंगापूरच्या खाली, विषुववृत्ताला खेटून.
बेटं किती ते विचारू नका.
यादीत एक आकडा, फोटोत दुसरा,
ओहोटीला तिसरा.

पहिल्या दिवशी प्रभंजन सरांनी शब्दांची चिठ्ठी दिली:
काबुपातेन जिल्हा, केचामातान तालुका,
देसा गाव, दुसुन पाडा.
देसा. मी दोनदा वाचलं.
आपला देश तिकडे जाऊन एवढासा झाला,
दीडशे उंबरे, एक जेट्टी, एक मशीद.
काबुपातेनच्या पोटात तर भूपती बसलेला,
मांडी घालून, कुणाला पत्ता नाही.
आणि सरपंच म्हणजे केपाला देसा.
केपाला म्हणजे डोकं. आपलंच कपाळ.
हे आईला सांगितलं तर भाकरी थापता थापता म्हणाली,
"आपले गावाचा कपाल त कवाच फुटलाय."

आमचं गाव घणसोली.
तालुका ठाणे, जिल्हा ठाणे, शहर नवी मुंबई,
पालिकेचा वॉर्ड, सिडकोचा नोड,
कुरियरवाल्याला मात्र सेक्टरच लागतो
आणि सेक्टर आम्हाला नाही.
पालघर वेगळा निघाला त्या वर्षी मामाचा जिल्हा बदलला.
मामा होता तिथेच, वसईत, केळीचे घड मोजत.
लिंगाही असाच निघालेला, दोन हजार तीन साली.
तिथेही असेल कुणाचा तरी मामा.

गेल्या गुरुवारी एक देसा बंद होईना.
दोन बेटं, मधे अडीच किलोमीटर पाणी,
सॉफ्टवेअर लाल होऊन ओरडतंय:
आकार तुटलेला आहे.
मी मधलं पाणी काढून टाकलं,
दोन तुकडे, दोन नंबर, झालं काम.

शुक्रवारी तांजुंगपिनांगहून रोस्नीताचा मेल.
ती तिथे आमच्या चुका तपासते.
"मधला समुद्र का कापलात?
तिथे त्यांचे खांब रोवलेले आहेत, मासे धरायचे.
पावसाळी वाऱ्यात होड्या तिथेच थांबतात.
मधलं पाणी त्याच गावाचं आहे.
कृपया जोडा."
कृपया नंतर तिने एक फोटो जोडला होता:
पाण्यावर उभी घरं, एका खिडकीत वाळत घातलेला
निळा शाळेचा शर्ट.

घरी आले. बाबा ओट्यावर निवट्या साफ करत होते.
विचारलं, खाडीत आपली शीव कुठपर्यंत होती?
आधी हसले. मग मालमत्ता कराचं बिल मागितलं,
उलटं केलं, आणि माझ्याच पेनने
एक वाकडी रेघ ओढली तळवलीकडे.
हितं दगडी फाटा.
हितं हसुरामची वान, बायकोच्या नावानं ओळखायचे, चांगूणवान.
हितं जिताडा. आता हितं पाईप.
हो पूल, म्हणून वरची दोन गेली.
"पान्यात कशाला नावं ठेवायची?" मी मुद्दामच म्हटलं.
"नाव नसल त होरी परत कशी येल?"
पेनाची शाई तेलकट बोटांना लागली होती.
एका खड्ड्यापाशी ते अडकले.
तोंडावर आहे म्हणाले, जाम आठवेना,
भोवती नुसताच गोल करून ठेवला.

सोमवारी मी समुद्र परत जोडला.
अडीच किलोमीटर, फिकट निळं, एकाच नंबरात.
लाल ओरडणं थांबवायला सूट मागावी लागली,
कारणाच्या रकान्यात काय लिहायचं कळेना,
शेवटी लिहिलं: पाणी गावाचं आहे.
प्रभंजन सरांनी पुढे काही विचारलं नाही.

त्या रात्री दिवा मालवल्यावर
आतल्या खोलीतून बाबांचा आवाज, एकदम मोठा,
"बामाची कोंड!
लिव, बामाची कोंड."
मी उठून बिल शोधायला लागले.
आईने ते वीज बिलाबरोबर
डब्यात ठेवून दिलं होतं,
भरायच्या कागदांत.